एक टाका कमी

१

झुंबर जमादार रविवार कारंज्यावरून भाजी घेऊन पंचवटीतल्या खोलीवर परतले, तेव्हा दारात पत्र्याची एक ट्रंक होती आणि ट्रंकेवर त्यांची भाची मैना बसली होती. एकटीच.

बाई माहेरी येते ती पोरं घेऊन, पिशवी घेऊन येते. ट्रंक घेऊन येते तेव्हा तिला पाठवलेलं असतं. जमादारांनी उभी हयात पोलिसात काढली होती. एवढं कळायला त्यांना जबाब घ्यावा लागला नाही.

"पोरं कुठं हायेत?"

"ठेवून घेतली."

"आन तुला?"

"मला येष्टीत बसवलं. ट्रंक टपावर टाकली." मैनेचा आवाज कोरडा होता. "मामा, मला दिवस गेलेत."

आतून विमलाबाई, जमादारांची बायको, पदराला हात पुसत बाहेर आली. "मग पेढे पाठवायचे का ट्रंक? काय माणसं आहेत का कोण!"

"मामी, ह्यांचं आपरेशन झालंय. मागच्याच्या मागल्या दिवाळीनंतर. आणीबाणीत तालुक्याला मांडव घातला व्हता ना, त्यातलं."

विमलाबाईचे हात पदरातच राहिले. जमादारांनी भाजीची पिशवी खाली ठेवली आणि पुन्हा उचलली. ती कुठं ठेवायची हेच त्यांना सुचेना. मैनेची आई, म्हणजे त्यांची बहीण, मरताना पोरीचा हात त्यांच्या हातात देऊन गेली होती. निफाडच्या बाजूला द्राक्षवाल्या घरात त्यांनीच तिला दिली. नवरा सहादू कामाचा, कमी बोलणारा. आता येत्या रविवारी मारुतीच्या पारावर गाव बसणार होतं. मैना घरात घ्यायची की कायमची बाहेर, याचा निकाल त्या दिवशी. बाहेर म्हणजे दोन्ही पोरं सुटली.

जमादार तिच्यासमोर उकिडवे बसले. "मैने, एकदाच इचारतो. पुन्हा इचारणार नाय."

"शपथ घेऊ म्हणता?"

"घे."

"नाय घेत." मैनेनं पहिल्यांदा मान वर केली. "तिथं मी मारुतीची घेतली, पोरांची घेतली, मेलेल्या आईची घेतली. कुणी धरली नाय. तुम्ही जमादार व्हता ना? मंग माझ्यावर इस्वास ठेवू नका. शोधून काढा."

२

त्या दिवशी जमादारांना जेवण गेलं नाही. तंबाखूची चंची उघडायची, मळायची, तोंडात न टाकता झटकून द्यायची, असं चाललं होतं. शेवटी त्यांनी चपला घातल्या आणि गंगापूर रोड धरला.

डॉक्टर गायधनी सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले सर्जन. खुनाच्या खटल्यांत एकाच बाकावर बसून दोघांची ओळख झाली होती. डॉक्टर झोपाळ्यावर होते. जमादारांनी नाव न घेता सगळं सांगितलं आणि विचारलं, "साहेब, ते आपरेशन म्हणजे नेमकं करतात तरी काय? आमच्याकडं म्हणतात, बैलासारखं खच्ची करतात."

डॉक्टर हसले. "बैलाचं मूळच चेचतात, जमादार. इथं विहीर तशीच, मोट तशीच. फक्त पाट अडवायचा. दोन्ही बाजूंना कातडीला बारीकशी चीर द्यायची. आत नळी असते, चिमटीत धरली की ओल्या सुतळीसारखी लागते. ती बाहेर ओढायची, मधला तुकडा काढून टाकायचा, टोकं रेशमाने बांधायची, वर टाका घालायचा. एक डावीकडे, एक उजवीकडे. पान खाऊन होईपर्यंत माणूस मोकळा."

"आन अंगातली ताकद?"

"ती कुठे जाते! उलट गंमत सांगतो. आम्ही शिकत होतो तेव्हा आमचे म्हातारे प्रोफेसर सांगायचे की तिकडे युरोपात हीच नळी म्हातारे लोक हौसेने बांधून घेत. का, तर तारुण्य परत येतं म्हणून! काठी टेकत यायचे आणि टेबलावर झोपायचे. मोठमोठे डॉक्टर तसं मानायचे. आणि आपल्याकडे त्याच नळीपायी माणसं उसात लपून बसली. नळी तीच. तिकडे बांधली की नवरदेव, इकडे बांधली की बैल."

जमादारांना हसू आलं नाही. "साहेब, आपरेशन होऊनसुद्धा पोर राहू शकतं का?"

"राहतं की. पाट अडवला तरी पुढच्या सारणीत पाणी उरलेलं असतंच. म्हणून पहिले तीन महिने जपायला सांगतो. लोक ऐकत नाहीत."

जमादार झोपाळ्याची कडी धरून उठलेच. मिटलं! मग उभ्या उभ्याच त्यांनी हिशेब केला आणि ते पुन्हा बसले. मांडव मागच्याच्या मागल्या दिवाळीनंतरचा. मैनेला दिवस गेले ते या दिवाळीच्या सुमाराला. मध्ये अख्खं वर्ष. सारणीतलं पाणी इतके दिवस टिकत नाही.

"तुटलेली नळी आपोआप जोडली जाते का?"

"क्वचित. त्यावर पंच विश्वास ठेवणार नाहीत. नवऱ्याला माझ्याकडे आणा, तपासून सांगतो."

"तो यायचा नाय. आपल्या मर्दपणाची तपासणी कोण करू देईल?"

"कुठल्या मांडवातलं म्हणालात?" डॉक्टरांनी सहज विचारलं.

जमादारांनी गाव सांगितलं. डॉक्टरांचा पाय जमिनीला लागला आणि झोपाळा थांबला. 

"जमादार," ते म्हणाले, "त्या मांडवात चाकू माझ्या हातात होता."

३

सकाळच्या गाडीनं जमादार मैनेच्या सासरी पोचले. माघ सरत आला होता, बागांत द्राक्षं उतरू लागली होती. जमादार सरळ सोयऱ्याच्या घरी गेले नाहीत. पोलिसातली जुनी खोड: गावातली बातमी आधी चहाच्या टपरीवर ऐकायची, मग घरात. घरातली माणसं खोटं बोलतात, टपरीवरची फक्त वाढवून बोलतात.

टपरीवर चारपाच जण होते. एकाच्या डोक्यावर धुवून धुवून विटलेलं लाल मुंडासं. दुसरा एक पाठमोरा, त्याचं तसलंच, पण जरा ताजं; जमादारांची चाहूल लागताच तो उठून चालू लागला.

"गावात लाल रंगाची लयच हौस दिसते," जमादार म्हणाले.

"पाटलाच्या पोरीच्या लग्नातला आहेर हाय," टपरीवाला म्हणाला. "कापडाचं एकच ठाण फाडलं आन भावकीतल्या समद्यांना बांधलं. दोन सालं झाली, अजून तेच मिरवतेत."

विटक्या मुंडाशाचा माणूस म्हणजे गेणू. तिशीच्या आतला, बोलघेवडा. त्याला जमादारांची ओळख कळताच तो सरकून जवळ आला. "तुम्ही मैनावैनीचे मामा? वाईट झालं. पर त्या मांडवाचं काय सांगू नका. ते डाक्टर म्हंजी न्हाव्यापेक्षा वाईट. मला जांघेत गाठ व्हती, हरबऱ्याएवढी. लोक म्हणले, डाक्टर आलेत तर फुकटात काढून टाक. गेलो. इकडं कापलं, तिकडं कापलं, आठ दिवस मला धड चालता येईना. आन गाठ? गाठ अजून जिथल्या तिथं!"

सगळे हसले. टपरीवाला म्हणाला, "गेण्या, गाठ राहू दे, दुसऱ्या गाठीचं सांग की."

"कसली दुसरी गाठ?" जमादारांनी विचारलं.

"लग्नगाठ. आखाजीच्या मुहूर्तावर दुसरं लगीन करतोय गडी. पहिली भागी हाय, पर तिची कूस काय उजवत नाय."

गेणूनं नजर खाली घातली. "आईचा लकडा हाय. मी काय करू?"

जमादारांनी चहा संपवला. "मैनेबद्दल गाव काय म्हणतं?"

 टपरीवाल्यानं कपबशी विसळता विसळता आवाज उतरवून सांगितलं, "दोन नावं घेतेत. एक घरातलं. धाकला दीर लहानू. दुसरं पुंजारामचं. सातपूरला कंपनीत हाय, सुट्टीला फटफटी घेऊन येतो. ती त्याच्या फटफटीवर बसलेली लोकांनी बघितलीय, मामा. या डोळ्यांनी मी बी बघितलीय."

४

लहानू गोठ्याजवळ सापडला. सगळ्यात मोठ्यानं बोंब मारणारा तोच होता, म्हणून जमादारांचा पहिला संशय त्याच्यावर. चोरच आधी 'चोर, चोर' ओरडतो, हे त्यांनी अनेकदा पाहिलं होतं.

"दसऱ्यापासून दिवाळी होईस्तोवर कुठं व्हता?"

"सटाण्याला. मामाच्या कांद्यावर. हवं तर जाऊन पुसा."

"मंग वैनीवर एवढा राग का?"

लहानूनं दावण उगाच घट्ट केली. "माझी सोयरीक तिनं मोडली. पोरीच्या बापाला सांगितलं, आमचा लहानू पितो."

"पितोस का?"

"त्यो प्रश्न नाय, मामा!"

इतक्या रागातही जमादारांना हसू फुटलं. हा माणूस सूड घेईल, पण पाप लपवण्याइतकं डोकं याच्याकडं नाही.

पुंजाराम त्या दिवशी गावातच होता, फटफटीचा प्लग साफ करत. प्रश्न ऐकताच त्यानं फडकं आपटलं. "तिच्या पोराला ताप व्हता, जमादार. पोरगं फणफणलं व्हतं. त्याला निफाडला दवाखान्यात न्यायला मी फटफटीवर घेतलं, आई त्याला धरून मागं बसली. गावाला पोरगं दिसलंच नाय, फक्त बाई दिसली."

"असं समदेच म्हणतात."

पुंजारामनं इकडंतिकडं पाहिलं आणि आवाज खाली आणला. "समदेच म्हणत नसतील असं एक सांगतो. माझं बी त्याच मांडवात आपरेशन झालंय. दोन पोरींवर. कंपनीतनं धाडलं व्हतं. गावात सांगितलं नाय, लोक नावं ठेवतेत. आठ दिवस फेंगडा चाललो. दोन्हीकडचे टाके असे ओढायचे की आई आठवायची. आता मला सांगा, मी कुठून बाप व्हणार?"

जमादारांना पायाखालची वाट संपल्यासारखं झालं. दोन्ही नावं गळाली. चांगलं झालं म्हणावं तर भाचीच्या गळ्याचा फास सुटला नव्हता. फक्त दोर कुणी वळला ते कळत नव्हतं.

घरात चतुराबाई, मैनेची सासू, ओट्यावर डाळ पाखडत होती. तिनं सुपावरून मान वर केली नाही. "सोयरे, पाणी देते, पर पोरीची वकिली करू नका. माझ्या पोरानं आपरेशन केलं, समद्या गावाच्या आधी केलं. अंगात कस असलेला गडी! बाकीचे आठ आठ दिवस कण्हत, पाय फाकून चालत. माझा सहादू दुसऱ्या दिवशी बागेत पाणी धरायला गेला. एक टाका काय, त्याला मुंगी चावल्यासारखं बी झालं नाय."

"एक टाका?"

"मंग किती? म्या सोताच कडूलिंबाच्या पाल्याचं पाणी दिलं धुवायला."

जमादार पाणी न पिताच उठले आणि बागेकडं निघाले.

सहादू वेलींच्या मांडवाखाली घड खुडत होता. मामेसासऱ्याला पाहून त्यानं मुंडासं सारखं केलं. लाल, जरासं ताजं. सकाळी टपरीवरून उठून गेलेला तोच होता. जमादारांच्या आता लक्षात आलं. गावात तोंड दाखवायची लाज वाटून चार दिवसांत त्यानं दाढीही केली नव्हती.

"माझ्या तोंडातून तिच्याबद्दल वाईट निघणार नाय," सहादू म्हणाला. "पर मी काय करू, मामा? मला आपरेशन झालंय ते मला ठाऊक हाय ना. मी काय खुळा हाय?"

"सहादू, तुला टाके किती?"

"आं?"

"मांडवात टाके किती घातले? आन कुठं?"

सहादूचे कान मुंडाशासारखे लाल झाले. "एक. मधोमध."

 पुंजारामला दोन. डॉक्टर म्हणाले, एक डावीकडे, एक उजवीकडे. मग याला एकच, आणि तोही मधोमध, असं का?

५

परतीच्या गाडीत जमादार बसलेच नाहीत, जागा असूनही दांडीला धरून उभे राहिले. घरी येताच त्यांनी मैनेला समोर बसवलं.

"तू त्या दिवशी मांडवात बरोबर व्हतीस?"

"व्हते. बायकोचा अंगठा लागत व्हता."

"मांडवात शिरल्यापासून सांग. काय सोडू नको."

मैनेला एकेक आठवू लागलं. कनात होती. आत बाकांची रांग. गडी रांगेनं निजलेले, इंजेक्शन देऊन ठेवलेले. "आन समद्यांनी आपापली मुंडाशी, उपरणी तोंडावर ओढलेली. लाजेनं. एकाचं तोंड दिसत नव्हतं."

"मंग?"

"डाक्टरांचा माणूस एकेकाचं नाव घेऊन ओरडायचा. कुणी ओ देईना. तसल्या जागी आपलं नाव घेतलेलं कुणाला आवडंल? मंग त्यो बाहेर आला. म्हणला, अमक्याची बायको कोण? मी उठले. म्हणला, तुझा नवरा यातला कोणता?"

"तू हाक मारलीस?"

मैनेनं त्यांच्याकडं असं पाहिलं, जसं कुणी वेड्याकडं पाहतं. "मामा! नवऱ्याचं नाव घेऊन हाक? चार माणसांत?"

"घरात मारतेस का?"

"घरात बी कुठं? दहा वर्सं झाली, लग्नातल्या उखाण्यापलीकडं कव्हा तोंडात नाव आलं नाय. मी कनातीच्या फटीतून जराशी बघितलं, मलाच लाज वाटली. म्हणलं, त्यो लाल मुंडाशावाला. आन वळून बसले."

दारात उभ्या असलेल्या विमलाबाईनं कपाळावर हात मारला. तिला मैनेच्या आधीच समजलं होतं.

जमादारांनी हळूच विचारलं, "लाल मुंडाशी किती व्हती गं, त्या रांगेत?"

मैना बोलायला गेली आणि थांबली. तिच्या डोळ्यांसमोर तो मांडव पुन्हा उभा राहिलेला दिसत होता. पाटलाच्या लग्नातलं ठाण. एकच रंग, एकच कापड. शेजारशेजारची दोन बाकं.

"दोन," ती म्हणाली. "त्या रांगेत आमच्या गावचे दोघंच व्हते, मामा. हे आन... पर त्यो तर ह्यासाठी आलाच नव्हता! त्यो तर गाठ..."

तिनं तोंडावर हात दाबला.

६

डॉक्टर गायधनींना दुसऱ्या दिवशी सगळं सांगितलं, तेव्हा ते झोपाळ्यावरून उठले आणि खिडकीकडं तोंड करून उभे राहिले.

"पलीकडच्या टेबलावर एक नवा पोरगा डॉक्टर होता," ते म्हणाले. "संध्याकाळी चहा पिताना हसत सांगत होता, सर, आज एक गाठीचा पेशंट आला, पण गाठच सापडेना. मधे चीर देऊन पाहिलं, काही नाही, टाका घालून दिला पाठवून. मीही हसलो, जमादार. आणि माझ्या टेबलावरच्या एकाला कातडीत हरभऱ्याएवढी गाठ होती, तीही मला आठवते. म्हटलं, हिच्याकडे आज कोण बघतो. त्या दिवशी वरून एकच ओरडा होता, आकडा वाढवा. मी कुणाच्या तोंडावरचं कापड उचललं नाही."

"साहेब, रविवारी पारावर याल?"

डॉक्टरांनी मान हलवली, ती होकाराची की नकाराची हे जमादारांना कळलं नाही.

पण त्याआधी एक काम उरलं होतं, आणि सगळ्या चौकशीत तेच जड होतं. मैनेला वाचवायचं तर गेणूला बुडवायचं. ज्याला गावभर हसत सांगायची सवय, त्याच्याच गळ्यात गावभरचं हसू बांधायचं. आणि आधी त्याला न सांगता पारावर सांगितलं, तर ते गुन्हेगाराला पकडल्यासारखं झालं असतं. त्यानं गुन्हा कुठं केला होता?

शनिवारी दुपारी जमादार गेणूच्या घरी गेले. गेणूची आई शेतात होती. चुलीपाशी भागी, गेणूची बायको, भाकरी थापत होती. तिनं पदर पुढं ओढला.

जमादारांनी कमीत कमी शब्दांत सांगितलं. गेणू आधी हसला. "काय राव मामा, थट्टा करता!" मग त्याचा हात आपोआप मांडीवर गेला. इकडं एक, तिकडं एक. त्याचं हसू तोंडावरच वाळलं. मग तो एकदम उठून जमादारांच्या अंगावर धावला आणि मध्येच थांबला, कारण मारायचं कुणाला हेच त्याला कळेना.

चुलीजवळून आवाज आला. भागीचा. जमादारांनी तो आवाज त्याआधी ऐकला नव्हता.

"म्हंजी माझ्यात खोट नव्हती."

 तव्यावरची भाकरी करपली. भागीनं ती हातानंच काढून बाजूला टाकली आणि दुसरी थापायला घेतली. "देवरशी झाला, उपास झाले, नवस झाले. सासू मला पोराच्या बारशाला जाऊ देत नव्हती. माझ्यात खोट नव्हती."

गेणू जमादारांच्या पायाशी बसला. "मामा, पारावर माझं नाव घेऊ नका. मला बैल म्हणतील. जित्तेपणी मला या गावात तोंड राहणार नाय."

"आन माझ्या मैनेला काय म्हणतेत, ते ऐकलंस ना?"

"ऐकलं. म्या बी म्हणलोय." गेणूनं मान खाली घातली. "पर नाव घेऊ नका."

जमादार उठले. "मी नाव घेणार नाय," ते म्हणाले. हे वचन देताना पोरीचा घात होतो की काय, हे त्यांचं त्यांनाच कळत नव्हतं.

७

रविवारी पारावर पाय ठेवायला जागा नव्हती. पंच वर, गडी खाली, बायका देवळाच्या भिंतीला. मैना ट्रंकेसह आली होती. ती ट्रंक तिनं पाराच्या मधोमध ठेवायला लावली. गेणू सगळ्यात मागं, लिंबाच्या बुंध्याला टेकून. त्याच्या डोक्याला आज मुंडासं नव्हतं.

डॉक्टर आले नव्हते. जमादार पुन्हा पुन्हा रस्त्याकडं बघत होते. पहिली गाडी आली, गेली. ते उठून उभे राहिले.

"पंच मंडळी, मी पोरीच्या बाजूनं काय बोलत नाय. एक प्रश्न इचारतो. त्या मांडवात जाऊन आलेले गडी इथं हायेत. त्यांनी तोंडानं काय सांगू नये. फक्त बोटं वर करावी. टाके किती पडले, तेवढी."

आधी कुजबूज, मग हसू. बायकांनी पदर तोंडावर घेतले. पहिल्यांदा पुंजारामनं हात वर केला. दोन बोटं. गावाला धक्का बसला, हाही? मग एका म्हाताऱ्यानं. दोन. मग टपरीवाल्यानं. दोन. मग एक पंचच घसा खाकरत उठला आणि त्यानंही दोन बोटं दाखवून खाली बसून घेतलं. जिकडंतिकडं दोन बोटं, जशी शाळेत पोरं परसाकडला जायला दाखवतात.

"सहादू?"

सहादूनं हात वर केला. एकच बोट. त्यानं आजूबाजूला पाहिलं, आपल्या बोटाकडं पाहिलं, आणि तो हात त्याला खाली घेता येईना.

"दोन नळ्या असतात, दोन चिरा पडतात," मागून आवाज आला. डॉक्टर गायधनी बॅग घेऊन गर्दीतून वाट काढत होते, घामाघूम. फाट्यावरून पायी आले होते. "त्या मांडवात एका चिरेवर कुणाचीही नसबंदी झाली नाही. मी होतो तिथं. आणि बांधलेल्या नळीला जन्मभर गाठ राहते, ती बोटाला लागते. याला माझ्याबरोबर द्या."

सहादूला घेऊन ते मारुतीमागच्या खोलीत गेले. चतुराबाई उठून उभी राहिली होती. लहानूनं विडी पेटवली आणि ओढलीच नाही. थोड्या वेळानं डॉक्टर बाहेर आले.

"याचं ऑपरेशन झालेलंच नाही. तोंडं झाकलेली होती, आम्ही माणूस चुकलो. हात आमचे होते, चूक आमची. या बाईचं पोट तिच्या नवऱ्याचं आहे."

एक पंच म्हणाला, "डाक्टरसाहेब, तुम्ही जमादारांचे दोस्त. आम्ही म्हणावं कसं? माणूस चुकला, तर दुसरा माणूस कुठं हाय? त्याचे दोन टाके दाखवा."

डॉक्टरांनी जमादारांकडं पाहिलं. मैनेनं पाहिलं. अख्ख्या गावानं पाहिलं. जमादारांच्या तोंडात नाव आलं, दातांपर्यंत आलं. त्यांनी ते गिळलं.

"त्याचं नाव मी घेणार नाय," ते म्हणाले. "वचन दिलंय."

"मंग झालं तर!" लहानू ओरडला. "समदी बनवाबनवी!"

गलका उठला. त्या गलक्यात बायकांच्या घोळक्यातून भागी पुढं आली. ती काही बोलली नाही. लिंबापाशी गेली आणि नवऱ्याच्या शेजारी उभी राहिली. गावात बाई नवऱ्याच्या शेजारी उभी राहत नाही, मागं राहते. गेणूनं तिच्याकडं पाहिलं. मग त्यानं हात वर केला.

दोन बोटं.

"म्या गाठ काढायला गेलो व्हतो," तो म्हणाला. "गाठ अजून हाय."

ही गोष्ट गावानं टपरीवर शंभरदा ऐकली होती आणि शंभरदा तिच्यावर हसलं होतं. आज कुणी हसलं नाही. गेणूची आई मटकन खाली बसली. डॉक्टर चालत त्याच्याजवळ गेले. "मुंबईला नळी जोडायचा प्रयत्न करतात. जमेलच असं नाही. पण मी स्वतः तुला घेऊन जाईन. तोपर्यंत दुसरं लग्न केलंस तर दोन बायकांना फसवशील."

"आखाजीचं लगीन मोडलं," गेणूऐवजी भागीच म्हणाली.

पंचांनी आपसांत माना हलवल्या. निकाल म्हणण्यासारखं काही उरलं नव्हतं. चतुराबाई सुनेजवळ आली, तिच्या डोक्यावरचा पदर नीट करू लागली. सहादू मान खाली घालून समोर उभा होता, हात लोंबकळत. त्याला वाटत होतं, ही आता रडेल, नाहीतर शिव्या देईल. जमादारांनाही तेच वाटत होतं.

मैनेनं दोन्ही गोष्टी केल्या नाहीत. जे एक नाव त्या दिवशी मांडवात तिच्या तोंडून निघालं असतं तर यातलं काहीच घडलं नसतं, ते तिनं सगळ्या गावासमोर, पंचांसमोर, सासूसमोर, मोठ्यानं घेतलं.

"सहादू," ती म्हणाली, "ट्रंक उचला."